शिट्टीचा स

वय वाढलं की गुडघे जातात, डोळे जातात, ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवत नाही, हे ऐकून होतो. स जातो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. गुडघ्यांना तेल मिळतं, डोळ्यांना चष्मा मिळतो. स गेला की पदरात पडतं ते फक्त लोकांचं हसू.

मोर्शीत मी जन्मभर मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे मुख्यतः दुरुस्त केलं. वऱ्हाडातल्या पोरांची भाषा दुरुस्त करायला घेतली की मास्तराला निवृत्तीपर्यंत काम पुरतं. पोरगं 'पाणी'ला पानी म्हणतं, 'डोळा'ला डोया, 'वीस'ला ईस, आणि 'माझं' त्याच्या तोंडातून 'माहं' होऊनच बाहेर पडतं. ण आणि ळ मी बाकीच्या मास्तरांवर सोडले होते. माझा प्रांत श, ष, स. फळ्यावर तिन्ही काढायचे, खाली तालव्य, मूर्धन्य, दंत्य असं लिहायचं आणि एकेकाला उभं करायचं. 'शाळा' आणि 'साळा' ही माझी आवडती जोडी. एकीकडे विद्येचं मंदिर, दुसरीकडे बायकोचा भाऊ. फरक कळायलाच हवा. पोरं दोन्हीला 'साया' म्हणायची. दोन अक्षरांच्या शब्दात दोन चुका! मास्तराला याहून जास्त काय हवं? जो 'साया' म्हणेल तो वर्गाबाहेर.

त्यात मोर्शी तालुका म्हणजे काही ऐरागैरा तालुका नाही. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र तिथं सिद्ध केलं, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथंच आलंय. असल्या मातीत 'साया' ऐकू येणं मला सहन होत नसे. म्हाइंभटांच्या वेळी तिथली माणसं स्वतः काय म्हणत असतील, हा प्रश्न मी कधी उकरून काढला नाही. उत्तर सोयीचं निघेल अशी खात्री नव्हती.

आता जाता जाता सांगून टाकतो, ष मला स्वतःलाही येत नव्हता. बोलताना तो महाराष्ट्रात फार कुणाला येतच नाही. लिहिताना पोटफोड्या, बोलताना साधा श. कष्ट, षष्ठी अशा शब्दांत पुढच्या ट-ठच्या ओढीनं जीभ आपसूक वर वळते, तेवढाच काय तो ष शिल्लक आहे. आमच्याकडचे माध्यंदिन शाखेचे भटजी तर मंत्र म्हणताना ष चा सरळ ख करतात, पुरुषाचा पुरुख होतो. त्यांना मी कधी बाहेर उभं केलं नाही. उलट दक्षिणा दिली.

व्याकरणात श, ष, स या मंडळींना उष्मे म्हणतात, घर्षकही म्हणतात. क, त, प म्हणताना तोंडातली वाट क्षणभर पुरती बंद होते आणि मग उघडते. स म्हणताना ती बंद होत नाही, नुसती अरुंद होते. संत्र्याच्या बागेत पाणी देताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी फुसफुसत लांब जातं, तसा हा प्रकार. जिभेच्या मधोमध बारीक पन्हळ पडते, तिच्यातून हवेची धार सुटते आणि पुढच्या दातांच्या कडेवर आपटते. गळा त्या वेळी गप्प असतो. सगळा आवाज दातांपाशी होतो. जीभ थोडी मागं घेतली की पुढची पोकळी वाढते, आवाज जाड होतो आणि स चा श होतो. म्हणजे शाळा आणि साळा यांच्यात अंतर किती, तर जिभेच्या टोकाचे काही मिलिमीटर. एवढ्या अंतरासाठी मी पोरांना अख्ख्या वर्गाच्या बाहेर पाठवत होतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. त्यानंतरचा पहिला मराठी भाषा गौरव दिन म्हणजे २७ फेब्रुवारी २०२५. गावात कार्यक्रम ठरला आणि वक्ता म्हणून मला बोलावलं. आदल्या दिवशी महाशिवरात्र होती, अर्धी मोर्शी सालबर्डीच्या यात्रेला जाणार होती, बाहेरचा वक्ता यायला तयार नव्हता, हा तपशील मला नंतर कळला. विषय मीच सुचवला : 'शुद्ध उच्चार, काळाची गरज'. पहिलं वाक्य लिहून पाठ केलं. 'सुसंस्कृत समाजाची साक्ष सदैव स्वच्छ, सुस्पष्ट आणि शुद्ध उच्चारांतून सापडते.' वाक्याला अर्थ फारसा नव्हता, पण स भरपूर होते. सभेला पहिल्याच वाक्यात कळलं पाहिजे की वक्ता कोण आहे. आणि ते कळलं.

मधल्या काळात एका स्नेह्यानं वावरात रोडग्यांचं जेवण ठेवलं. बागेत आंबिया बहाराची फुलं लागलेली, सगळीकडे वास सुटलेला, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, बाजूला वांग्याची भाजी रटरटत होती. रोडगा राखेतून काढावा, झटकावा, हातानं फोडावा, तुपात बुडवावा आणि मग तोंडात घालावा. मी बोलत होतो. कशावर, ते सांगायला नको. बोलण्याच्या भरात फोडण्याची पायरी गाळली आणि अख्ख्या रोडग्याला थेट दात लावला. वरचा पुढचा दात अर्धा रोडग्यातच राहिला. मी तोंडावर रुमाल धरून बसलो, तर यजमान म्हणाले, "दाताचं जाऊ द्या सर, रोडगा कसा जमला थे सांगा."

दातांची डॉक्टर म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी. तिनं उरलेला दात काढला आणि सध्यापुरता काढता-घालता येणारा दात बसवू म्हणाली. दात एक, पण तो गुलाबी पट्टीवर बसवलेला, आणि ती पट्टी टाळूला चिकटून राहणारी. अमरावतीहून ती घडवून एसटीनं आली, नेमकी शिवरात्रीच्या दिवशी. डॉक्टरनं ती माझ्या तोंडात बसवली आणि म्हणाली, "आजोबा, आता साठपासून सत्तरपर्यंत मोजा."

मला वाटलं, वयोमानानुसार डोकं शाबूत आहे का ते बघतेय. जरा रागानंच सुरुवात केली. साठ, एकसष्ट, बासष्ट. त्रेसष्टला काहीतरी कुजबुजलं. सहासष्टला तोंडातून स्वच्छ शिट्टी निघाली. बाहेर बसलेल्या पेशंटनं आत डोकावून पाहिलं.

मग तिनं समजावून सांगितलं. स म्हणताना वरचे आणि खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, जेमतेम एक मिलिमीटर फट राहते. म्हणून कवळी बसवणारे जगभर स च्याच शब्दांवर परीक्षा घेतात. फ आणि व म्हणायला लावतात ते वरचा दात खालच्या ओठाला नेमका कुठं टेकतो ते बघायला. पट्टीची जाडी पुढच्या दातांमागं वाढली की जिभेची पन्हळ बिघडते. वाट फार अरुंद झाली तर शिट्टी वाजते, फार पसरट झाली तर स चा श होतो. "उद्या सकाळी या," ती म्हणाली, "थोडं घासून देते. तोवर घरी मोठ्यानं वाचा. जीभ शिकते हळूहळू."

सकाळी मी गेलो नाही. आरशात नवा दात इतका झकास दिसत होता, की त्याला कुणी हात लावू नये असं वाटलं. शिवाय मी रात्रीच दोन साक्षीदार तपासले होते. पहिली आमची सौभाग्यवती. तिच्यासमोर ते पहिलं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, "छानच म्हणता की, काही शिट्टीबिट्टी नाही." दुसरा अकोल्याचा साळा. त्याला लँडलाइनवर अख्खा परिच्छेद वाचून दाखवला. तोही म्हणाला, "जिजाजी, एकदम क्लिअर."

पुढं समजलं ते असं. वय झालं की कान वरच्या पट्टीकडून रिकामे होत जातात, आणि स चा सगळा कारभार त्याच वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्झच्या वर. साध्या टेलिफोनच्या तारेतून जातो तो आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झमधला. म्हणजे स तारेत शिरतच नाही. ऐकणारा तो अंदाजानं भरून घेतो. म्हणूनच तर फोनवर नाव सांगताना 'सरस्वतीचा स' असं ओरडावं लागतं. थोडक्यात, माझ्या स ची परीक्षा मी अख्ख्या विदर्भातल्या अशा दोन ठिकाणी घेतली होती, जिथं स पोचतच नव्हता. दोघांनीही मला पास केलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. पुढच्या रांगांत एका शाळेची पोरं आणून बसवलेली, मागं यात्रेहून परतलेली, अजून डोळ्यांवर झोप असलेली मोठी माणसं. माइकवाला तर रात्रभर सालबर्डीला भोंगे सांभाळून तसाच आलेला. अध्यक्ष माझाच एक जुना विद्यार्थी, आता संत्र्याचा मोठा व्यापारी. त्यानं माझी ओळख करून दिली. "नववीत मी 'साया' म्हनलो त सरानं मले सायेच्या बाहीर काढलं. मंग मी बाहीरच राह्यलो, संत्र्याच्या धंद्यात पडलो. आता बरं हाय." टाळ्या पडल्या. मीही हसून हात जोडले आणि उभा राहिलो.

'सुसंस्कृत' या शब्दात तीन स आहेत. तिघंही वाजले. पुढच्या रांगेतली पोरं शिट्टी कुणी मारली ते बघायला मागं वळली. 'समाजाची साक्ष सदैव' इथवर आलो तेव्हा ती परत पुढं वळली होती आणि त्यांच्या तोंडावर शिवरात्रीच्या जत्रेतही न मिळालेला आनंद होता. दोघा-तिघांनी शिट्टीनंच उत्तर दिलं. झिंबाब्वेत शोना नावाची भाषा आहे, तिच्यात शिट्टीचा स हा रीतसर स्वतंत्र वर्ण आहे, आईच्या मांडीवर मुलं तो शिकतात. तिथं मी उत्तम वक्ता ठरलो असतो. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक आदिवासी भाषांत तर स-श ही भानगडच नाही. तिथं माझ्यासारख्याला मास्तरकीच मिळाली नसती आणि पुढचं सगळंच टळलं असतं. मोर्शीत ही सोय नव्हती.

माइकवाल्याला वाटलं माइकच शिट्टी मारतोय. "थांबा सर, माईक शिटी मारून राह्यला," म्हणत त्यानं ट्रेबलचं बटण खालपर्यंत फिरवलं. शिट्टी थांबली. त्याच्याबरोबर स पण गेला. वरची पट्टी कापली की स चा नुसता भुसा उरतो, आणि तो कानाला फ सारखा लागतो. मागच्या रांगेपर्यंत 'समाज' पोचला तो 'फमाज' होऊन. कुणीतरी ओरडलं, "व्हॉल्यूम वाढव ना बे!" त्यानं व्हॉल्यूम वाढवला. फमाज मोठ्यानं पोचला.

या व्हॉल्यूमवरून आठवलं. सालबर्डीला हद्द ओलांडून मध्य प्रदेशात गेलं की पाट्यांवर 'वैन' आणि 'वीडियो' दिसतं. अलीकडे आपल्या बाजूला 'व्हॅन' आणि 'व्हिडिओ'. इंग्रजी व्ही घर्षक आहे, दात ओठाला घासून येतो. आपला व तसा घासत नाही, अलगद सुटतो. त्या घासण्यातला श्वास मराठी कानानं टिपला आणि त्याला ह जोडून दिला. हिंदीनं तो सोडून दिला. माझ्या भाषणाच्या टाचणांत हा मुद्दा होता आणि चांगला होता. तिथवर मी पोचलोच नाही.

पाणी पिण्याच्या निमित्तानं मी पाठ फिरवली आणि पट्टी काढून रुमालात गुंडाळली. निदान शिट्टी तरी जाईल असा हिशेब. पुन्हा माइकसमोर आलो आणि म्हणालो, "थर्व थ्रोते हो." दाताच्या खिंडीतून जिभेचं टोक बाहेर डोकावत होतं. इंग्रजांचा 'थँक यू'मधला थ हा असाच घर्षक. जीभ दातांमधून किंचित बाहेर काढून हवा सोडायची. आपण मराठी माणसं जीभ दातांमागं टेकवतो आणि सरळ आपला थ म्हणतो. कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापकांनी माझ्या त्या थ पुढं हात टेकले होते. तो त्या दिवशी मला लख्ख जमला, पण 'थंत थाहित्य' म्हणताना.

भाषणाच्या दुसऱ्या भागात मी मराठीच्या इतिहासाकडं वळणार होतो. पाणिनीनं श, ष, स एका सूत्रात गोवले आणि ह मात्र दोनदा घेतला, इथून सुरुवात. मग संस्कृत श्वश्रूची मराठी सासू कशी झाली, शश कसा ससा झाला, षोडश कसे सोळा झाले. उलट सीव् चं शिवणं आणि सिञ्च् चं शिंपणं. तिथं इ समोर दिसताच मराठीनं स चा श केला. दशाचे दहा झाले. सत्तरीपर्यंत स टिकला, पण एकाहत्तरपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत घसरून ह झाला. तुम्ही रोज 'पंचाहत्तर' म्हणता, त्यात 'सत्तर'च दडलेला आहे. हे सगळं तयार करताना माझ्या लक्षात आलं होतं, की या दुसऱ्या भागात माझ्याच पहिल्या भागाचा पार धुव्वा उडतोय. दीड-दोन हजार वर्षं मराठी माणूस श चा स आणि स चा ह करत आला, आणि त्यातून जे उरलं त्यालाच मी शुद्ध म्हणत होतो. 'साया'वाला पोरगा त्याच वाटेनं चार पावलं पुढं गेला, एवढाच त्याचा गुन्हा. पण भाषण लिहून झालं होतं, अक्षरही सुवाच्य आलं होतं, म्हणून तसंच ठेवलं.

सभेपुढं मात्र इतिहास नव्हता, माझं तोंड होतं. स गेला, श गेला, च आणि ज फुसके निघू लागले. मग उरलं काय? ह उरला. ह ला दात लागत नाहीत, जीभ लागत नाही, तो सरळ गळ्यातून येतो. आणि तोंडात फक्त ह शिल्लक असलेल्या माणसाला वऱ्हाडीसारखी भाषा नाही. मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "माह्या तोंडात दात नाही, तुमी राग धरू नोका."

एकही अक्षर अडलं नाही. आईच्या तोंडून लहानपणी ऐकलेली ही भाषा, पुढं बी.एड. करताना मीच माझ्या तोंडातून उपटून टाकली होती. सभागृहात जो हशा आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा माझ्या सगळ्या नोकरीत कधी झाला नव्हता. एका वाक्यासाठी तो जरा जास्तच होता, हेही नमूद करतो. पुढची पोरं तर बाकांवर उभी राहिली. माइकवाल्यानं अभिमानानं सांगितलं, "पाहा सर, ट्रेबल कमी केला तं कसं मस्त येऊन राह्यलं."

अध्यक्षांचं समारोपाचं भाषण छोटंच झालं. शाल घातली, नारळ दिला आणि माइक माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "सर, येक डाव 'शाळा' म्हना."

मी सगळा जोर लावून म्हणालो, "थाळा."

"चला सर," ते माझा हात धरून म्हणाले, "बाहीर."

बाहेर टपरीवर त्यांनी चहा पाजला. पैसे देऊ दिले नाहीत. वर मृग बहाराच्या संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली. संत्रं दाताशिवाय खाता येतं, एवढा विचार त्यांनी केलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं पट्टी मागच्या बाजूनं थोडी घासली. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम. आता साठ ते पासष्ट बिनबोभाट जातात, सदुसष्टपासून पुढंही ठीक. सहासष्टला अजून बारीक सूर लागतो, पण सहासष्ट म्हणायची वेळ माणसावर अशी कितीदा येते? गेल्या महिन्यात बँकेत आली. कॅशियर बाईंनी वर पाहिलं, मी नजर छताकडे लावली.

तेव्हा वाचकहो, दात बसवायला जाल तर खुर्चीतून उठायच्या आधी तिथंच, डॉक्टरसमोर, साठपासून सत्तरपर्यंत खणखणीत मोजा. त्यावर 'सासूबाईंनी शेवया शिजवल्या' हे तीनदा म्हणा. शिट्टी आली तर लाजू नका, तिथल्या तिथं पट्टी घासून घ्या. घरी जाऊन बायकोला किंवा फोनवर साळ्याला विचारू नका. दोघंही तुम्हाला पास करतील.